चूक वकिलाची, नुकसान पक्षकाराचं

बियाणं उगवलं नाही तर शहाद्याचा शेतकरी नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊन कंपनीकडे भरपाई मागू शकतो. डॉक्टरने हलगर्जी केली तर रुग्ण त्याच आयोगात डॉक्टरला जाब विचारू शकतो. विमा कंपनीने पैसे अडवले, बँकेने घोळ घातला, तरी दार तेच. पण वकिलाने मुदत बुडवली, फी घेऊन तारखेला तोंड दाखवलं नाही, भलता सल्ला देऊन हातातली केस घालवली, तर ते दार पक्षकारासाठी बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला कुलूप लावलं.

ही केस दिल्लीतली, आणि सुरुवात अवघ्या २० हजारांच्या धनादेशापासून झालेली. डी. के. गांधी यांना मिळालेला धनादेश वटला नाही म्हणून त्यांनी वकील लावला. आरोपीने पैसे दिले, ते वकिलाकडे पोचले, पण आपल्या हातात पडले नाहीत, वर फीसाठी वकिलानेच आपल्यावर दावा लावला, अशी त्यांची तक्रार होती. जिल्हा मंचाने ती ऐकली. राज्य आयोगाने फेटाळली. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने सांगितलं, वकिलाची सेवासुद्धा ग्राहक कायद्यात येते. वकिलांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, २००९ मध्ये स्थगिती मिळाली आणि २०२४ मध्ये न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मिथल यांनी तो निकाल पुसून टाकला. २० हजारांच्या तक्रारीवर देशभराच्या पक्षकारांचा हक्क गेला.

या निकालामागचं कारण मला पटत नाही, आणि नंदुरबारात राहून ते कुणालाही पटू नये. न्यायालय म्हणतं, वकिलावर पक्षकाराचं थेट नियंत्रण असतं. पक्षकाराच्या सूचनेशिवाय वकील कबुली देत नाही, तडजोड करत नाही. म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार, आणि असा करार ग्राहक कायद्यातून वगळलेला आहे. दिल्ली-मुंबईतल्या कंपनीचं तिच्या वकिलावर असं नियंत्रण असेल. कंपनीकडे स्वतःचा कायदा विभाग असतो, ईमेलवर मसुदे फिरतात, एक वकील नाही आवडला तर दुसरा दुपारपर्यंत उभा राहतो. पण धडगावच्या डोंगरातून पहाटे निघून, जीप-एसटी बदलत कोर्टात पोचणाऱ्या पावरा आदिवासी माणसाचं नियंत्रण कशावर असतं? तो बोलतो पावरी, वकील बोलतो मराठी किंवा अहिराणी, अर्ज लिहिला जातो इंग्रजीत किंवा कोर्टाच्या मराठीत. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सगळ्यांत खालची. लोकसंख्येत आदिवासी सुमारे ६९ टक्के. अशा जिल्ह्यात पक्षकार वकिलाला सूचना देतो, हे कागदावरचं गृहीतक आहे. सपाटीवरच्या गावांतही कोर्टाच्या आवारात वाक्य एकच ऐकू येतं: ‘वकीलसाहेबले समदं माहीत शे, आपण काय बोलानं?’

वकीलपत्र हातात घेऊन एकदा नीट वाचा. छापील फॉर्म असतो, बारीक अक्षराचा. त्यात लिहिलेलं असतं की वकील माझ्या वतीने तडजोड करील, दावा काढून घेईल, कोर्टात भरलेले पैसे उचलील, पावती देईल, दुसरा वकील नेमील, आणि त्याने केलेलं सगळं मला कबूल राहील. वर वेल्फेअर फंडाचं तिकीट, खाली सही किंवा निळ्या शाईचा अंगठा. हा कागद बहुतेक वेळा तारखेच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये, बाकावर, घाईत पुढे केला जातो. कारकून बोट ठेवतो, पक्षकार अंगठा ठेवतो. वाचून कोण दाखवतं? आणि याच कागदाच्या जोरावर पुढे म्हणायचं की नियंत्रण पक्षकाराचं होतं!

चुकीच्या सल्ल्याने काय जातं, ते मिरचीच्या व्यवहारावरून सांगतो, कारण नंदुरबारला तो समजतो. समजा, शेतकऱ्याने नंदुरबारात मिरची विकली, व्यापाऱ्याने धनादेश दिला आणि बँकेने तो ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा मारून परत केला. परतीचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस. दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट माफ करू शकतं. नोटिशीचे ३० दिवस मात्र कोर्टसुद्धा माफ करू शकत नाही. आता वकील म्हणाला, ‘घाई नाही, दिवाळी होऊ द्या, मी बोलतो त्याच्याशी.’ दिवाळी झाली, ३० दिवस गेले. धनादेशाच्या तीन महिन्यांच्या आयुष्यात तो पुन्हा बँकेत टाकून नवी मुदत मिळवता येते, पण हेही सांगणारा तोच वकील. त्यानेच सांगितलं नाही तर धनादेश न वटल्याबद्दलची कलम १३८ ची केस मेली. मग उरतो दिवाणी दावा, त्याची कोर्ट फी, त्याची वर्षं. इथे व्यापारी जिंकला नाही, कायदा कमी पडला नाही, साक्षीदार फुटला नाही. एका माणसाने कॅलेंडर पाहिलं नाही आणि दुसऱ्याचा हंगाम गेला.

मग या शेतकऱ्याला काहीच वाट नाही? आहे, आणि वकील मंडळी ती फारशी सांगत नाहीत म्हणून इथे सांगतो. १९२६ चा, इंग्रजांच्या काळातला, वकिलांच्या फीविषयीचा एक कायदा आहे. त्याचं कलम ५ म्हणतं की केवळ वकील आहे म्हणून कुणाला निष्काळजीपणाच्या दाव्यातून सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये एम. वीरप्पा यांच्या खटल्यात त्यावर बोट ठेवलं. तिथे वकिलावर नुकसानभरपाईचा दावा लावणारा पक्षकार दावा चालू असताना वारला, तरी दावा करारभंगावर उभा असेल तर वारस तो पुढे नेऊ शकतात असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे ग्राहक आयोग बंद असला तरी दिवाणी न्यायालय उघडं आहे. मुदत साधारण तीन वर्षं. कोर्ट फी भरायची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा लावता येतो.

पण ही वाट चढाची आहे. वकील चुकला एवढं दाखवून भागत नाही. तो चुकला नसता तर मी मूळ केस जिंकलो असतो, हेही सिद्ध करावं लागतं. म्हणजे एका खटल्याच्या पोटात दुसरा खटला लढायचा. आणि तो लढायला पुन्हा वकील लागतो. लहान गावच्या बारमध्ये सगळे एकमेकांच्या शेजारी बसतात, उद्या त्याच माणसाशी तडजोड करायची असते, परवा त्याच्याच मतावर बारची निवडणूक असते. अशा ठिकाणी सहकाऱ्याविरुद्ध वकीलपत्र घ्यायला कोण तयार होईल? धुळ्याला जा, असं सांगतात. २०२४ च्या निकालाने नेमकं इथेच नुकसान केलं. ग्राहक आयोगात माणूस स्वतः अर्ज घेऊन उभा राहू शकत होता.

दुसरी वाट बार कौन्सिलची. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१, कलम ३५. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करायची, कौन्सिलला तथ्य वाटलं तर ती शिस्तपालन समितीकडे जाते. समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते, सनद काढून घेऊ शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर कलम ३६ ब प्रमाणे प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत तिकडे अपील, पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालय. कागदावर व्यवस्था नेटकी आहे. पण समितीत तीन माणसं, आणि तिन्ही वकील. पक्षकारांच्या बाजूचा एकही माणूस नाही, सामान्य नागरिक नाही, निवृत्त तहसीलदार नाही, शिक्षक नाही. कौन्सिलचं ऑफिस मुंबईत, हायकोर्टाच्या आवारात. अक्कलकुव्याच्या बाईने नवऱ्याच्या अपघाताच्या केसमधल्या वकिलाविरुद्ध तक्रार करायची तर मजुरी बुडवून, सुरतमार्गे रात्रीची गाडी धरून मुंबईला जायचं, आणि तिथे तारीख पडली की परत यायचं.

एवढं करून हाती काय येतं? वकिलाची सनद जाऊ शकते, पण त्या बाईला तिची भरपाई मिळत नाही. बार कौन्सिल पक्षकाराला नुकसानभरपाई देत नाही. हे तक्रार करण्याआधीच माहीत असलेलं बरं, कारण अनेकजण सगळी आशा त्या एका अर्जावर ठेवून बसतात आणि तोवर अपिलाची मुदत निघून जाते.

शिवाय प्रत्येक चूक म्हणजे गैरवर्तन नाही. याचा सगळ्यांत स्पष्ट निकाल महाराष्ट्रातलाच आहे. पुण्यात दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टांत काम करणाऱ्या दोन वकिलांविरुद्ध तिथल्याच १२ वकिलांनी तक्रार केली होती. गिऱ्हाईक ओढण्यापासून अनुचित कायदेशीर सल्ला देण्यापर्यंत आरोप होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने दोघांना काही महिन्यांसाठी निलंबित केलं. ऑक्टोबर १९८३ मध्ये, पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध महाराष्ट्र बार कौन्सिल या अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. न्यायालयाने म्हटलं, चुकीचा सल्ला वेगळा आणि अनुचित सल्ला वेगळा. नीतिमत्तेचा दोष नसलेला नुसता निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे. त्याआधी १९६३ मध्ये न्या. गजेंद्रगडकरांनीही हेच सांगितलं होतं, पण निष्काळजीपणा ढोबळ असेल तर गोष्ट वेगळी, अशी जोडही दिली होती.

ही रेषा योग्य आहे. चांगला वकीलही कायद्याचा अर्थ लावताना चुकतो, न्यायाधीशही चुकतात, म्हणून तर वरची कोर्टं आहेत. केस हरली म्हणून वकिलाची सनद मागणं हा अन्याय आहे. या जिल्ह्यात फी न घेता गरिबांचे दावे लढणारे वकील आहेत, त्यांच्यावर उठसूट तक्रारी होऊ लागल्या तर तेही गरिबाची केस हातात घ्यायला कचरतील. समोरच्या पक्षाच्या वकिलावर राग काढायलाही हा मार्ग नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका पोकळ तक्रारीवरून महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिललाच ५० हजारांचा भुर्दंड दिला.

पण हीच रेषा नंदुरबारच्या जमिनीवर आखून पाहा. मग ती कुठे जाते ते दिसेल. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरची आदिवासींची जमीन कर्ज, गहाण आणि अंगठ्यांच्या कागदांतून बिगर आदिवासींकडे गेली. त्याविरुद्ध आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे साथी उभे राहिले, १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती परिषद झाली, श्रमिक संघटना उभी राहिली. १९७४ मध्ये कायदा बदलला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ सांगतं की ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, शेतजमीन पट्ट्यानेही देता येत नाही. हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक वकिलाला पहिल्या वर्षापासून पाठ असतं. तरी कुणी सल्ला देतो: परवानगीच्या भानगडीत पडू नका, मुद्रांकावर साठेखत करू, मुखत्यारपत्र लिहून घेऊ, ताबा आधी देऊ, बाकी नंतर बघू. हा चुकीचा सल्ला नाही. सल्ला देणाऱ्याला कायदा ठाऊक आहे आणि तो चुकवायचा कसा हेच तो शिकवतो आहे. खांडेकर निकालाने जी रेषा ओढली, तिच्या पलीकडचा हा सल्ला आहे, आणि यावर सनद गेली पाहिजे. तसंच एका बाजूला सल्ला देऊन पुढे दुसऱ्या बाजूने उभं राहणं, पक्षकाराच्या नावाने आलेल्या पैशांचा हिशेब न देणं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत या दोन्हींना नावानिशी बंदी आहे. अशा तक्रारींत कागद असेल तर समितीला पळवाट राहत नाही.

म्हणून वकील चुकला असं कळल्यावर पहिला दिवस त्याला शिव्या देण्यात घालवू नका. आधी केस वाचवा. दावा गैरहजेरीत निकाली निघाला तर तो पुन्हा बोर्डावर घ्यायला ३० दिवस आहेत. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायलाही ३० दिवस, समन्स बजावलंच नसेल तर कळल्यापासून. जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, औरंगाबाद खंडपीठात ९० दिवसांत. वनहक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळला तर जिल्हा समितीकडे ६० दिवसांत. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, आणि त्यात तारखांसकट खरी हकीकत.

या अर्जासाठी १९८१ चा रफिक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल उपयोगाचा. वकील गैरहजर राहिला म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं होतं. न्या. डी. ए. देसाई यांनी म्हटलं की खेड्यातल्या माणसाने वकील लावला, फी दिली, म्हणजे त्याचं काम झालं. वकील हजर राहतो की नाही हे पाहायला त्याने कोर्टात पहारा करायचा नसतो. अपील पुन्हा चालू झालं आणि २०० रुपयांचा खर्च गैरहजर वकिलाकडून वसूल करायला सांगितला. मात्र १९९३ मध्ये सलील दत्त यांच्या प्रकरणात न्यायालयाने बजावलं की दरवेळी सगळं वकिलावर ढकलून सुटका नाही. तुम्ही जागे होता, विचारत होता, हे दाखवावं लागतं. म्हणून फीची पावती मागा, ऑनलाइन दिली तर तो मेसेज ठेवा. प्रत्येक तारखेला वकिलाला काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं ते घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून वहीत लिहून घ्या. केसचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक घ्या. तो असला की ई-कोर्टच्या ॲपवर तारीख आणि आदेश कुणाच्याही मोबाइलवर दिसतात. सातपुड्यात रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी खाली उतरल्यावर पाहा. रोजनाम्याची नक्कल काढा, पक्षकाराला ती मिळतेच.

फाइल अडवून धरली तर घाबरू नका. फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद दाबून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे. फी वसूल करायला त्याला वेगळा मार्ग आहे. जुना वकील नव्या वकिलाला ‘ना हरकत’ देत नसेल तर नवा वकील कोर्टाची परवानगी घेऊन उभा राहू शकतो, बार कौन्सिलच्याच नियमात तशी सोय आहे. ‘एनओसीशिवाय काही होणार नाही’ हे वाक्य कोर्टाच्या आवारात फार लोकांना अडकवून ठेवतं. ते खरं नाही.

आता मागणं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री, उत्पन्न न पाहता, मोफत वकिलाला पात्र आहे. म्हणजे नंदुरबारात हा हक्क बहुसंख्य लोकांना जन्मानेच आहे. आणि कायद्यातली ‘विधी सेवा’ फक्त कोर्टापुरती नाही, इतर प्राधिकरणांपुढची कामं आणि कायदेशीर सल्लाही तिच्यात येतो. मग पहिल्या वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे करायची तक्रार किंवा भरपाईचा दावा यासाठी मोफत वकील का मिळू नये? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने असे अर्ज घेतले जातील असा मराठीत ठळक फलक नंदुरबार, शहादा, नवापूरच्या कोर्टांत लावावा, आणि भिली, पावरी, मावचीत तेच समजावून सांगणारा माणूस बसवावा. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक त्या फलकावर मोठ्या आकड्यांत हवा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने या जिल्ह्यातल्या तक्रारींची सुनावणी नंदुरबारात येऊन घ्यावी. ते जमत नसेल तर जिल्हा न्यायालयातून व्हिडिओवर घ्यावी, यंत्रणा आहे. आणि विधी सेवेच्या यादीत अशा कामांसाठी धुळ्याचे, जळगावचे वकील घ्यावेत, म्हणजे नंदुरबारच्या वकिलाविरुद्ध तक्रार लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच बाररूममध्ये त्याच्याच समोर बसून डबा उघडावा लागणार नाही.